रिकाम्या गावातलं मुसळ

माणसाचं खरंखोटं त्याच्या तोंडावरून कळत नाही. त्याने दळायला आणलेल्या डब्यावरून कळतं. करंजवड्यात माझी गिरण होती तोवर मला कुणाच्या घरात काय चाललंय ते विचारावं लागलं नाही. मुंबईचा झील, म्हणजे मुलगा, येणार असला की म्हातारीच्या तांदळाच्या डब्याबरोबर गव्हाची पिशवी यायची. सून रुसून माहेरी गेली की डबा अर्ध्यावर यायचा. आणि नवराबायकोचं भांडण मिटलं की दुसऱ्या दिवशी वड्याचं पीठ! लोक म्हणायचे, राजन तावड्याच्या पोटात काय राहत नाही. खोटं आहे. सगळं राहायचं. मी फक्त कधी कधी झाकण उघडायचो.

आता गिरण नाही. घरोघरी डब्याएवढी यंत्रं आली, ती रात्रीच ठरवून पहाटे ताजं पीठ देतात, आणि कुणाला काही सांगत नाहीत. त्यामुळे गावात भांडणं वाढली असं माझं मत आहे, पण ते असो. मला सांगायची आहे ती दोन हजार पंचेचाळीस सालच्या गावपळणीची गोष्ट. तेव्हा वरची वाडी होती.

गावपळण म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगावं लागतं. दर तीन वर्षांनी, मार्गशीर्षात, देवी पावणाईला कौल लावायचा. देवीने उजवा, म्हणजे होकाराचा, दिला की अख्ख्या गावाने तीन दिवस शिवेबाहेर जायचं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रे, सगळे. गावात चूल नाही, दिवा नाही, चिटपाखरू नाही. नदीपलीकडच्या माळावर झावळ्यांच्या राहुट्या बांधायच्या आणि चौथ्या दिवशी पुन्हा कौल घेऊन परतायचं. का, ते विचारू नका. एका वाहिनीवाल्याने विचारलं तेव्हा त्याला सहा जणांनी सात कारणं दिली. त्याने त्यावर ‘आपल्या पूर्वजांचं पूरविज्ञान’ असा कार्यक्रमही केला. मार्गशीर्षात कसला पूर, हे त्याला विचारायचं राहिलं.

मौज अशी की त्या सालापर्यंत गावात राहणारी माणसं उरली होती शंभर-सव्वाशे, आणि गाव सोडायला यायची पाचसहाशे. मुंबईची, पुण्याची, एक तर दुबईहून. गाव कायमचं सोडून गेलेली माणसं तीन दिवस गाव सोडण्यासाठी सुट्टी टाकून गावाला येत. करंजवडे भरलेलं बघायचं असेल तर ते शिवेबाहेरच बघावं लागे. सामायिक चुली, सुक्या बांगड्याचा वास, राहुटीतून राहुटीत उसना जाणारा नारळ, आणि पत्ते खेळताना उकरून काढलेली वीस वर्षांपूर्वीची बांधाची भांडणं. तीन दिवसांत जेवढी माणसं माणसांशी बोलायची तेवढी नंतर तीन वर्षं बोलायची नाहीत.

त्या साली दिवाळीत मृणाल आली. जनार्दन गावकराची मुलगी, भूगोलाची डॉक्टर. गावकर म्हणजे आमच्या गावचे मानकरी. गावपळणीत देवीची मशाल घेऊन शिवेबाहेर पहिलं पाऊल त्यांचं. सगळे त्यांना आबा म्हणत. बापलेकीत बोलणं होतं, पण मोजून मापून, तेलाच्या पळीसारखं. त्याचंही कारण होतं. घाटाखालच्या तालुक्यांत कुठे घर बांधावं, कुठे बांधू नये, कुठला वहाळ, म्हणजे ओढा, मोकळा सोडावा, त्याचा पर्यावरण आराखडा करणं हे मृणालचं काम. दोन वर्षांमागे तिने भोम नावाचं गाव पुराच्या भीतीने पावसाळ्याआधी हलवायला लावलं. आणि पूर आलाच नाही! भोम हे आबांच्या बहिणीचं सासर. त्या पावसाळ्यात आबांना तिथल्या माणसांनी जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही, पण गिरणीत सगळं ऐकलंय.

ती पहिल्याच दिवशी गिरणीत शिरली आणि म्हणाली, “राजनकाका, तुमची गिरण डोंगराच्या छातीत धडधडतेय.”

“धडधडू देत मगे. जिता तरी आसा.”

हसली. मग खाली पोत्यावर बसून तिने मला समजावलं. माझ्यासारख्याला समजलं म्हणजे कुणालाही समजेल.

मैदानातला पूर पाहुण्यासारखा असतो. आधी कळवतो, पायरी पायरीने चढतो. डोंगरातला पूर चोरासारखा. वरच्या घळीत पाऊस कोसळतो, भिजलेली माती सरकते, झाडं आणि धोंडे वहाळात अडकून आपसूक बांध तयार होतो, आणि तो फुटला की पाणी, चिखल, दगड असं सगळं एकदम खालच्या वाडीवर येतं. पळायला वेळ मिळत नाही. ढग कुठे आहे ते उपग्रह सांगतो. डोंगराच्या पोटात काय चाललंय ते सांगत नाही. त्यासाठी डोंगराला कान लावायला हवा.

आणि कान आमच्या रस्त्याखाली आधीच पुरलेला होता. इंटरनेटची काचेची तार! त्या तारेतून उजेडाचा एक ठोका सोडला की थोडा उजेड वाटेतून उलटा फिरतो. जमीन केसाच्या हजाराव्या भागाएवढी जरी हलली, तरी त्या ठिकाणची तार ताणते आणि उलट आलेला उजेड किंचित बदलतो. म्हणजे गावापासून वरच्या वाडीपर्यंतच्या तारेत दर चार पावलांवर एक कान. धोंडा घरंगळला, पाणी मुरलं, माती सरकली, सगळं ऐकू येतं.

“मगे अडचण खंय?” मी विचारलं.

“अडचण म्हणजे तुम्ही. म्हणजे आपण सगळे. पंप, गिरण, चिरेखाणीची कटरं, मोटारसायकली. हा सगळा गोंगाट वजा करायचा तर यंत्राला एकदा तरी शुद्ध शांतता ऐकवायला हवी. ही तुझी कोरी पाटी, आता यावर जे उमटेल ते डोंगराचं, असं सांगायला. जगात कुठल्या गावात सलग तीन दिवस अशी शांतता मिळेल?”

मी गिरणीचा पट्टा थांबवला. “गो बाय, तू गावपळण मोजतलंस?”

मोजावं का, म्हणून देवीला कौल लागला. आबांनीच लावला. देवीने उजवा दिला. गावाने मात्र एक अट घातली: तारेने जे ऐकलं ते आधी देवळात सगळ्यांसमोर यायचं, मग सरकारकडे जायचं. मृणालने पावणाईच्या पायांवर हात ठेवून कबूल केलं.

तीन दिवस झाले. गाव परतलं, चुली पेटल्या, मुंबईकर चटण्यांच्या बरण्या घेऊन मुंबईला गेले. आठवड्याने मृणाल दुपारच्या वेळी गिरणीत आली. तिचं तोंड दळून झालेल्या जात्यासारखं, नुसतं पांढरं.

तिने पडदा माझ्यासमोर धरला. सपाट रेघ. तीन दिवसांची सपाट रेघ, आणि मध्येच बारीक बारीक काटे.

“हे पहा. तिन्ही दुपारी शिवेकडून एक माणूस आला. रस्त्याने वरच्या वाडीत गेला, थोड्या वेळाने परत गेला. काटा पुढे पुढे सरकतो म्हणजे पावलं. आणि एक पाऊल जड, एक हलकं.”

गावात एक पाऊल जड टाकणारा एकच माणूस. आबा, खुब्याचं हाड मोडल्यापासून.

“आणि हे काय असेल?” तिने बोट खाली नेलं. वरच्या वाडीच्या जवळ आणखी काटे होते. हे पुढे सरकत नव्हते. जागच्या जागी, ठप... जरा थांबून ठप... जरा थांबून ठप. तिने कानाचं यंत्र मला लावायला दिलं.

“मुसळ,” मी म्हणालो. “कोणतरी उखळात कांडता.”

“मलाही तेच वाटलं.” ती पोत्यावर बसली. परतल्यावर देवीला जो पोह्यांचा नैवेद्य लागतो तो गावकरांच्या घरात हातानेच कांडावा लागतो. गावातलं शेवटचं उखळ त्यांच्या वरच्या वाडीतल्या घराच्या पडवीत. “आबा तीन दिवस चोरून घरी गेले आणि पोहे कांडून आले. मशाल घेऊन पहिलं पाऊल टाकणारा माणूस! आणि मी हे देवळात सगळ्यांसमोर लावायचं?”

“कापून टाक ता तेवढां.”

“सलग तीन दिवस नसतील तर आराखड्यात धरणार नाहीत. आणि कापलं तर गाव विचारणार, का कापलं. पुढची गावपळण तीन वर्षांनी. दरम्यान तीन पावसाळे.”

मी तांदळाचं पीठ बांधलं आणि तिच्याबरोबर वरच्या वाडीत गेलो. पीठ पोचवायचं हे निमित्त. खरं कारण तुम्हाला कळलंच असेल.

वरची वाडी मला अजून डोळ्यांसमोर दिसते. दहाबारा घरं, वाटेवर चिऱ्यांच्या पायऱ्या, प्रत्येक अंगणाच्या कडेला फणस, आणि मागे सरळ उभा डोंगर, पाठीवर हात ठेवून उभ्या असलेल्या चुलत्यासारखा. आबा पडवीत सुपाऱ्या सोलत होते.

“आबा,” मृणाल म्हणाली. पुण्याची भाषा पायऱ्यांवरच राहिली. “गावपळणीत तुमी घराकडे इल्लात?”

“कोण म्हणता?”

“तार म्हणता.”

“तारेक तोंड कधी फुटला?” आबांनी माझ्याकडे पाहिलं. “राजन, तू कशाक इलंस?”

“पीठ.”

“मगे ठेय आणि जा.”

मी पीठ ठेवलं. गेलो नाही. गिरणकाराला अर्ध्या गोष्टीवरून उठवणं कुणाला जमलेलं नाही.

आबा बराच वेळ एकच सुपारी सोलत राहिले. मग म्हणाले, “मांजर.”

“काय?”

“गुरां येतत, कुत्रे येतत. मांजर घर सोडूक तयार नसता. तू पयलीत होतंस. शिवेभायर तीन दिवस रडलंस, माझी मनी उपाशी, माझी मनी उपाशी. तुझी आवस तुका सांगत होती, देवी राखतली म्हणान. तू ऐकूक तयार नाय. मगे मी दुपारचो, माणसां निजल्यार, रानातसून इलंय आणि बांगड्याचां डोक्यां घालून गेलंय. परत इलांव तर मांजर लठ्ठ. तू म्हणालंस, आबा, देवीन राखलां!” त्यांनी सुपारी सुपात टाकली. “तेवापासून जातंय, खुबो मोडल्यापासून रस्त्यान. ती मनी गेली, तिची नात आसा आता. सवय.”

मृणालचा हात पडवीच्या खांबावर होता तो तसाच राहिला. मला वाटलं आता पोरगी रडणार आणि गोष्ट इथेच गोड होणार. पण ती भूगोलाची डॉक्टर.

“आणि मुसळ?”

“खयचा मुसळ?”

“पोहे कांडलात तां.”

“पोहे मी परत इल्यार कांडलंय. देवीचां काम चोरून करूक मी काय येडो?”

“आबा, एक कबूल केलात. दुसरां पण करा.”

“केलेलां कबूल करतंय. नाय केलेलां कसां करू?” आबांचा आवाज चढला. “बापाशीच्या शब्दाक काय किंमत आसा का नाय?”

मृणाल पायरीवर बसली आणि हळूहळू बोलू लागली, आम्हा दोघांना आणि बहुधा स्वतःलाही. या डोंगराच्या वर जांभ्याची जाड फळी आहे आणि तिच्याखाली शेडी नावाची पांढरी चिकण माती. पाणी मुरून माती ओली राहिली की फळी तिच्यावर बसल्या बसल्या सरकते. केसाएवढी सरकते, अडते, पुन्हा सरकते. एकाच जागी अडते म्हणून प्रत्येक वेळी सारखाच ठोका. ठप, ठप. तार एवढंच सांगते की ठोका रस्त्याच्या कुठल्या टप्प्यासमोर झाला. रस्त्याच्या कडेला झाला की आत पोटात झाला, ते एकटी तार सांगू शकत नाही. पडवीतलं मुसळ आणि पोटातली फळी, तारेला दोन्ही सारखीच.

“मी याला माणसाचा आवाज म्हटलं, तर यंत्र तो जन्मभर विसरणार. उद्या डोंगर खरंच सरकला तरी म्हणणार, आबा पोहे कांडतात. आणि मी याला डोंगर म्हटलं, वाडी उठवली, आणि पुढे काहीच झालं नाही, तर...”

“भोम,” आबा म्हणाले.

“होय. भोम. तेव्हा आता नुसत्या शब्दावर नाय चालणार, आबा.”

“बापाशीच्याय?”

“बापाशीच्याय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात गाव जमलं. मृणालने पडदा लावला आणि ती काही बोलायच्या आत आबा उठले. सभामंडपाच्या मधोमध जाऊन त्यांनी पावणाईला हात जोडले आणि गावाकडे तोंड करून म्हणाले, “तीनय दुपारी मी घराकडे गेल्लंय. मांजरीक खावक घालूक. दर गावपळणीक जातंय. माझी चूक झाली.”

असा सन्नाटा मी त्या देवळात कधी ऐकला नव्हता. मृणालला हवी ती कोरी पाटी तिथेच मिळाली असती. मग मागून सुन्या मेस्त्री उभा राहिला. गावाचा सुतार, अर्धं गाव त्याने बांधलेल्या माचांवर झोपतं.

“आबांनु, थांबा जरा. तां वळणावरचां पाऊल तुमचां नसतलां. तां माझां.”

“तुझां?”

“माझी एक बाटली माळ्यार रवली होती.” हशा पिकला. सुन्याने हात वर केला. “औषदाची!”

“तां औषद आमका ठावक आसा,” त्याची बायको म्हणाली.

झालं! आबांनी बांध फोडला आणि मागून सगळा लोंढा आला. वरच्या वाडीतली शेवंतीकाकी, जी बाकीच्यांना आयुष्यभर सोवळ्याचे धडे देत आली, लोणच्याच्या बरणीचं झाकण लावायला गेली होती. सरपंच बागेचा नळ बंद करायला. कुणी नव्या सुनेला घर दाखवायला, “राहुटीत बोलूक गावत नाय” म्हणून! त्यावर तर म्हातारेसुद्धा हसले. प्रत्येकाला वाटत होतं की पडद्यावरचं पाऊल आपलंच. तारेने ऐकलेली पावलं एकट्या आबांची होती. बाकीचे रस्ता सोडून कातळावरून गेले होते, तारेपासून लांब. मृणालने कुणाचंच नाव घेतलं नव्हतं.

मी मनातल्या मनात जमाखर्च मांडत होतो. तीन पिढ्या आम्ही समजत होतो की गाव रिकामं असतं. रिकामं कधीच नव्हतं. प्रत्येक जण, आपण एकटेच पापी, असं समजून दुसऱ्याच्या घराला वळसा घालून आपल्या घरी जात होता.

मृणाल मात्र हसत नव्हती. ती प्रत्येकाला विचारत होती. कुठल्या वाटेने? कुठल्या वेळी? घरात काय केलंत? पाटा सरकवला? दार आपटलं? आणि पडद्यावर एकेक बारीक काटा, जो आजवर कुणाचाच नव्हता, त्याला धनी मिळत गेला. शेवटी ती म्हणाली, “आता एकच उरलं. वरच्या वाडीत तिन्ही दिवस कुणीतरी मुसळ चालवत होतं. कोण?”

कुणी नाही.

“कोणी रागावणार नाही. फक्त सांगा.”

“गो बाय,” सुन्या म्हणाला, “आमच्या पिढीक मुसळ खयच्या टोकान धरूचां तां ठावक नाय.”

“शेवंतीकाकी?”

“बरणी मी लावलंय. मुसळाक हात लावलो नाय. पावणाईच्यान.”

लोक एकमेकांकडे पाहू लागले. हसणं ओसरलं. जुनी भांडणं डोळ्यांत दिसू लागली. कुणी म्हणालं, कोणतरी धन खणता आसतलो. कुणी म्हणालं, चोरून चिरे काढतत. जाणत्यांनी आधी आबांचा निवाडा केला. पुढच्या पाळीला मशालीचा मान दुसऱ्याकडे. आबांनी मान लववली. आणि खाली बसायचं सोडून उभेच राहिले.

“गाव परत खाली करूया,” ते म्हणाले.

“काय?”

“एका दिवसासाठी. पण खरोखर. कोण परत फिरूचां नाय. मगे ठोको इलो तर बघूया कोणाचो तो.”

शेवंतीकाकी उसळली. “कौल लावल्याशिवाय? देवीक न इचारता?”

“शेवंते, देवीक मधी कशाक घालतंस? देवीन एकदा सांगलेलां आमी कोणीच ऐकूक नाय. आता माझ्या चेडवाचां ऐकून बघूया.”

मान गेलेल्या माणसाचं ऐकायला गाव बांधलेलं नव्हतं. गंमत म्हणजे म्हणूनच ऐकलं. मान असताना ते हुकूम सोडत. त्या दिवशी ते मागत होते. आणि मागणाऱ्याला नाही म्हणणं आमच्याकडे फार जड जातं, विशेषतः मागणाऱ्याने आधी आपलं पाप सांगितलेलं असेल, आणि त्यात आपलंही निघालेलं असेल तेव्हा.

फाल्गुनात, शिमग्याआधी, आम्ही गेलो. मुंबईकर नव्हते, राहुट्या नव्हत्या, गाणी नव्हती. शंभरावर माणसं, गुरं, कुत्री. चिरेखाण बंद, पंप बंद, माझी गिरण बंद. आबा सगळ्यात शेवटी निघाले. प्रत्येक घराचं दार हलवून, आत हाक मारून. काखेत टोपली, टोपलीत ओरडणारं मांजर. लोक त्याही स्थितीत हसले. “आबांनु, आता देवी कोणाक राखतली?” सुन्याने विचारलं. “तुझ्या बाटलेक,” आबा म्हणाले.

नदीपलीकडे आम्ही वाडीवाडीने उभे राहिलो. प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याला हात लावून नाव घेतलं. कुणी कमी नव्हतं. मृणाल दगडावर पडदा घेऊन बसली, आणि अख्खं गाव तिच्या मागे गोळा झालं, क्रिकेटच्या सामन्याला जमावं तसं. ऊन चढलं. रेघ सपाट होती. चिमण्या पाण्यावर येत होत्या. पोरं चुळबुळायला लागली.

मला खरं सांगायचं तर त्या वेळी वाटलं, काही येऊ नये. मुसळ कुणाचं तरी असावं. गावात एक खोटारडा निघाला तर चालेल. खोटारड्यांबरोबर जगायची आम्हाला सवय आहे.

ठप.

एक काटा. मग सपाट. मृणालने वर पाहिलंच नाही.

ठप.

मार्गशीर्षात होता त्यापेक्षा सावकाश, पण तोच. तीच जागा. शंभरावर माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. आबा इथे. शेवंतीकाकी इथे. सुन्या इथे, त्याची बायको त्याचा दंड धरून इथे. संशय घ्यायला कुणी उरलं नव्हतं.

“मगे तो कोण?” एका पोराने विचारलं. त्याच्या आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

शेवंतीकाकी खाली बसली होती ती गुडघ्यावर हात टेकून उठली. तिचं घर त्या ठोक्याच्या अगदी समोर. नवऱ्याने आणि तिने दोघांनी डोक्यावरून चिरे वाहून बांधलेलं. आता ही भांडणार, असं मला वाटलं. ती पदर खोचत म्हणाली, “चला गे. भांडी काढूक दिवस पुरूचो नाय.”

मृणाल उठून आबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मी जवळच होतो. मी नेहमी जवळच असतो.

“तुका माझो शब्द पुरलो नाय,” आबा म्हणाले. “आख्खो गाव भायर काढूचो लागलो.”

“शब्द होतो म्हणान काढलंय, आबा. नाहीतर मी मुसळच लिवन मोकळी झाली असतंय.”

आबांनी टोपली तिच्या हातात दिली. “धर जरा. हात भरलो माझो.” एवढंच. पण मी पाहिलं, ती टोपली तिने दोन्ही हातांनी धरली होती.

चैत्र-वैशाखात वरची वाडी उतरली. दरवाजे, कौलं, वासे, तुळशीची वृंदावनं. फणस तेवढे राहिले. आराखड्यात तिथे लाल रेघ आली. माझ्या गिरणीमागची जमीन वाडीला दिली, मी दिली असं लोक सांगतात, पण मला गिऱ्हाईकं जवळ हवी होती. काही जण कुरकुरत होते, भोमासारखाच प्रकार, पावसाळा कोरडा जाणार आणि आपण खुळे ठरणार. आबा काही बोलत नसत. रोज संध्याकाळी गिरणीत येत, मृणालने ठेवलेलं कानाचं यंत्र लावत आणि डोळे मिटून बसत. ठोका ऐकत. पावसाला सुरुवात झाली तसे ठोके लवकर लवकर पडू लागले, मुसळ हाती धरून कुणी घाईला यावं तसे. पीठ घ्यायला आलेली माणसं हळू बोलत. मी एकदा विचारलं, “आबांनु, काय ऐकतास एवढां?”

“घर,” ते म्हणाले.

श्रावणात, भर दुपारी, तारेने गावभर भोंगे वाजवले. आम्ही सगळे देवळाच्या उंचवट्यावर गेलो आणि तिथून पाहिलं. डोंगराचा एक तुकडा, फणसांसकट, खाली बसला. पडला असं म्हणता येत नाही. बसला. मग वहाळातून लाल पाणी आलं, धोंडे आले, आणि जिथे दहाबारा घरं होती तिथून नदीकडे निघून गेलं. वाटेत अडवायला त्याला काहीच मिळालं नाही. भोमच्या आत्याचा संध्याकाळी फोन आला. तिने मृणालशी बोलायचं आहे असं सांगितलं, आणि बराच वेळ नुसती रडली.

दुसऱ्या दिवशी आबा नेहमीच्या वेळी गिरणीत आले. मृणाल तिथेच होती, तार कुठे तुटली, कुठे जिवंत आहे ते तपासत. वरच्या वाडीपर्यंतची जिवंत होती. आबांनी कानाचं यंत्र लावलं. मी पट्टा बंद केला. बाहेर पाऊस होता, पण यंत्र आता पाऊस वजा करायला शिकलं होतं.

ते खूप वेळ ऐकत राहिले. मृणाल त्यांच्याकडे पाहत होती. तिला माहीत होतं, पडद्यावरची रेघ सपाट होती.

शेवटी त्यांनी यंत्र काढलं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि तिच्या हातात ठेवलं.

“घे,” ते म्हणाले. “थंय आता कोण नाय.”